डक्टमधला माणूस

दुकानदाराने न मागताच तीनशेचे दोनशे केले,
वर म्हणाला, कुणी नेत नाही ओ हा.
वाशी, सेक्टर सतरा, जिन्याखालचं दुकान.
डबीवर अंतराळस्थानक, नाव 'लॅग्रांज नऊ',
आणि एक पाठमोरा माणूस, हातात पाना.
मी पान्याला भुललो.

माझा धंदा एसीचा. तुर्भ्यापासून महाप्यापर्यंत
निम्म्या इमारतींच्या श्वासनळीत
मी पोटावर सरपटलो आहे.
तेव्हा हे अधिकाराने सांगतो:
या गेममधले डक्ट खोटे आहेत.
इतके रुंद की आतून वरात जाईल.
पत्र्याची कड कुठेच कापत नाही,
मेलेलं कबूतर नाही, ग्लासवूलची खाज नाही,
आणि आत दिवे!
डक्टच्या आत दिवा कोण लावतं?

राक्षस तीनच जातीचे, तिन्ही एकाच आईचे वाटतात.
त्यांना मारणं म्हणजे चपलेने झुरळ मारणं,
आणि चप्पल दर वेळी भिंतीत अडकते.
एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना पडदा काळा होतो
तो कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत.

पण दार बंद असलं
तर हा गेम, किल्ली आण, असं म्हणत नाही.
म्हणतो, बघ बुवा तुझं तू.

तिसऱ्या रात्री, प्रयोगशाळेपाशी,
सगळे उपाय संपले तेव्हा
मी सवयीने वर पाहिलं. जाळी होती. जाळीमागे डॅम्पर.
रिटर्नची हवा बंद केली, सप्लाय चालू ठेवला,
आणि थांबलो.
खोली फुगली.
दार आपणहून उघडलं.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं.
माझ्या हाताखालच्या पोरांना
दोन वर्षं शिकवतोय, त्यांना अजून कळलेलं नाही,
आणि या दोनशे रुपयांच्या डबीला माहीत होतं.
मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. रात्रीचे अडीच.
कोपरखैरण्यात त्या वेळी सांगायला जावं असं कुणी नाही.

अजून एक.
तिथे मेलेल्या प्रत्येकाला नाव आहे.
कुणाचं कॅन्टीनचं कूपन उरलेलं,
कुणी कुणाकडून उसना घेतलेला चार्जर,
कपाटावर चिकटवलेली चिठ्ठी: माझं दही खाऊ नये.
मलाही माणसं अशीच माहीत आहेत.
रात्री नऊनंतर छताची फरशी सरकवून
वरून बघतो तेव्हा खाली टेबलं असतात फक्त.
खुर्चीवर स्वेटर, न धुतलेला डबा,
पोराचा शाळेतला फोटो.
मी त्यांना ओळखतो.
ते म्हणतात, एसीवाला येऊन गेला वाटतं.

शेवट मात्र वाईट. पैसे संपले असणार.
आधी त्याच वाटांवरून दोन तास हेलपाटे,
सिडकोच्या खिडकी चारवरून सातवर,
सातवरून परत चारवर,
मग एक बटण, पांढरा उजेड, आणि नावांची यादी.
मी यादी पूर्ण वाचली. कोण वाचतं?
राक्षसांना अकरा माणसं होती.
'हवा आणि दाब' पुढे एकच नाव.
बाई की बाप्या, कळलं नाही.
ती कंपनी बुडाली म्हणे.
दिवे तिने लावले नसणार, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

काल महाप्याला सहाव्या मजल्यावर
मीटिंगरूमचं कार्डयंत्र मेलं.
सगळे कंपनीच्या माणसाची वाट बघत घरी गेले.
मी आणि सिक्युरिटीचे सोनटक्के उरलो.
मी शिडी लावली, रिटर्न बंद केला,
खाली उतरून थांबलो.

दार हललं नाही.
ते लोहचुंबकाचं असतं, मला काय माहीत नव्हतं?
पण खालच्या फटीतून
एक कागद, हळूहळू, कुणी सरकवावा तसा
बाहेर आला.
सोनटक्क्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
वाकून उचलला.
कुणाच्या तरी निरोपाच्या केकची वर्गणी,
चौदा नावं, प्रत्येकापुढे शंभर.
देवस्थळे मॅडमचे अजून यायचे होते.